मीठपळण

गुरुदासबुवांचा आवाज असा, की ते देवळात गाऱ्हाणं घालायला उभे राहिले की पहिल्याच ‘बा देवा म्हाराजा’ला माडांवरचे कावळे उठायचे आणि गाऱ्हाणं संपेपर्यंत शेजारच्या करंजटेंब गावात जाऊन बसायचे. आंबेखोल गावात देवाशी बोलायचं काम पिढ्यान्‌पिढ्या बुवांच्या घराकडे. कुणाचं लग्न ठरो, कुणाची म्हैस हरवो, कुणी मुंबईत नोकरीला लागो. माणूस नारळ घेऊन यायचा, बुवा त्याच्या वतीनं रवळनाथापुढे बोलायचे आणि जमलेला गाव प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून शिक्का मारायचा.

पण बुवांचा जीव होता तो कीर्तनात. एरवी ते आंब्याच्या बागेत मोहरावर फवारणी करायचे, पंपाशी भांडायचे, माकडांना शिव्या द्यायचे. माघात गावचा हरिनाम सप्ताह आला, की शेवटच्या दिवशीचं काल्याचं कीर्तन त्यांचं. डोक्याला फेटा, गळ्यात उपरणं, हातात चिपळ्या. गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र होतात, हंडी फुटते, त्या जागी बुवा असे काही गर्जायचे की मांडवातली पोरं आईच्या पदरात शिरायची आणि म्हाताऱ्यांचे हात आपोआप जोडले जायचे. कोरड्या डोळ्यांनी त्या मांडवातून घरी गेलेला माणूस दाखवा आणि नारळ घेऊन जा. देव कुठं भेटतो असं कुणी विचारलं, तर आंबेखोलची माणसं पत्ता सांगायची तो त्या मांडवाचा.

यंदा दिवाळी सरता सरता देवळाच्या धर्मशाळेत तपासणीचं शिबिर झालं. जामसंड्याहून डॉक्टर संचिताबाई आल्या होत्या. त्यांनी बुवांच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला आणि पट्टा सोडून दुसऱ्या दंडाला बांधला. मग तिसरा दंड नसल्यामुळे त्या खुर्चीत मागे टेकल्या.

“बुवा, तुमचं प्रेशर फार आहे.”

“फार म्हणजे बरांच मां?” बुवा खूश झाले. “आमच्या फवारणीच्या पंपाचा प्रेशर कमी झाला, काय औषध शेंड्यापर्यंत पोचना नाय.”

“पंपाची नळी फुटली तर बाजारात नवी मिळते. डोक्यातली मिळत नाही.”

बाईंनी सांगायला सुरुवात केली. गोळी रोज, न चुकता. मीठ कमी. लोणचं, पापड, खारी मासळी विसरायची. पुडीतले चटकमटक पदार्थ नकोत. रोज चालायचं, वेळेवर झोपायचं. बुवा प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होते, कारण यातलं काहीच करायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण शेवटी बाई म्हणाल्या, “आणि कीर्तन नाही.”

“ता कित्याक?”

“इतका वेळ उभं राहून, त्या आवाजात? मी ऐकलंय मागच्या वर्षी. प्रेशर ताब्यात येईपर्यंत मी हो म्हणणार नाही. सप्ताहात मी स्वतः येऊन मोजेन. उतरलं असेल तर खुशाल उभे राहा, मी पहिल्या रांगेत बसेन.”

बुवांचा फेटा डोक्यावर नव्हता, तरी तो कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं त्यांना वाटलं. त्यात बाहेर सप्ताहाच्या मंडळाचा गंगाराम उभा. गावातलं एकमेव किराणा दुकान त्याचं, आणि गावातली प्रत्येक बातमीही आधी त्याच्याच दुकानात यायची.

“बुवानु, काळजी करू नुको,” गंगाराम म्हणाला. “बांद्याक एक तरणो बुवा आसा. कीबोर्ड घेवन येता. तेका नुसता सांगान ठेवया?”

ते ‘नुसता’ बुवांच्या काळजात काट्यासारखं मोडलं.

दुसऱ्या दिवशी बुवांच्या बायकोनं, शेवंतीकाकींनी, मिठाची बरणी कुठंतरी दडवली. सकाळची पेज पुढ्यात आली. बुवांनी एक भुरका मारला आणि वाडगा लांब धरून बघितला.

“गो, ही पेज न्हय. कोणीतरी तांदळाक आंघोळ घातली, तेचा पाणी ह्यां.”

“डॉक्टरीणबायन सांगला हा.”

“पण चव?”

“नावडतीचा मीठ आळणी म्हणतत. हयसर आवडतीचाय आळणी. गप गिळा.”

बुवांनी गिळली. मग उपरणं खांद्यावर टाकून ते चालायला निघाले, कारण तेही सांगितलेलंच होतं. आता, सकाळी चालणाऱ्या माणसाला आंबेखोलात कुणी चालू देत नाही. पहिल्याच अंगणातून हाक आली, “बुवानु, वायच पेज घेवा!” पेजेबरोबर कैरीच्या लोणच्याची फोड आली. पुढच्या घरी भाजलेला पापड आला. वळणावर काशीबाईचं घर. काशीबाईचा धंदा खाऱ्या मासळीचा. तिच्या पडवीत बांगडे मिठाची दुलई पांघरून ओळीनं निजलेले असायचे. तिनं निखाऱ्यावर एक टाकला आणि म्हणाली, “देवमाणूस तुमी. तुमका नाय म्हटलंय तर माका पाप लागात.” काशीबाईला पाप लागू नये म्हणून बुवांनी तोही खाल्ला. असे ते रोज चालायचे. जितकं जास्त चालायचे, तितकी जास्त घरं लागायची.

जामसंड्याला दवाखान्यात पुन्हा मोजलं, तर आकडा वर चढलेला.

“चालता ना रोज?” बाईंनी विचारलं.

“चलतंय तर! गाव साक्षीक आसा.”

“मग वाढलं कसं?”

शेवंतीकाकी उठल्या, भर दवाखान्यात नवऱ्याच्या मिशीला नाक लावलं आणि खाली बसल्या. “खारो बांगडो,” त्या म्हणाल्या.

घरी परत येताना रिक्षात त्यांनी एकच विचारलं, “डॉक्टरणीचा आयकणत नाय. माझां आयकणत नाय. देवाचा तरी आयकशात?”

जन्मभर ज्यानं गावाचं गाऱ्हाणं देवाला सांगितलं, तो माणूस याला नाही कसं म्हणणार? शिवाय बुवांच्या मनात एक चोरकप्पा होता. एवढ्या वर्षांची ओळख. रवळनाथ काही लोणच्याच्या एका फोडीला आडवा यायचा नाही. कौल घ्यायचा ठरला.

कौल म्हणजे देवाची संमती विचारायची पद्धत. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो. प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवीकडची पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. सोमवारी देवळात बऱ्यापैकी गर्दी होती. परशुराम गुरवानं पाकळ्या लावल्या. काय विचारायचं ते काकींनी वाटेत बुवांकडून घोकून घेतलं होतं: गुरुदासाच्या ताटातलं मीठ कमी करायचं का? एवढंच.

पण बुवांनी आयुष्यात कधी स्वतःसाठी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. गाडीवाटेच्या चाकोरीत बैल जसे आपोआप चालू लागतात, तशी त्यांची जीभ चालू लागली.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा!”

कावळे उठले. “व्हय म्हाराजा!” गाव म्हणाला.

“आज जो हो नारळ ठेवलो हा, तो कोणा एकट्यादुकट्याचो नाय म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

काकी चमकल्या.

“ह्या गावाचो, ह्या वाडयेचो, हयसर रवलेल्यांचो नि मुंबयक गेलेल्यांचो, लेकराबाळांचो, गोरावासरांचो आसा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

काकींनी मागून सदऱ्याचं टोक ओढलं. बुवांना तो भक्तीचा भर वाटला. त्यांनी आवाज आणखी चढवला.

“तर ह्यां जा मिठाचा संकट इला हा, ता सगळ्या गावातसून उठव, आणि शिवेच्या भायर नेवन ठेव म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गावानं दणकून सांगितलं. आणि मग माणसं एकमेकांकडे बघू लागली, की आत्ता आपण नेमकं कशाला हो म्हणालो?

टप्. उजवीकडची पाकळी पडली. इतक्या चटकन रवळनाथानं गावाच्या रस्त्यालासुद्धा कौल दिला नव्हता.

“अरे, तेका स्वताचा इचारूचा होता!” गंगाराम ओरडला. अख्खं किराणा दुकान त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं होतं.

“तेणा गावाचा नाव घेतला,” परशुराम म्हणाला. “गावान व्हय म्हाराजा म्हटला. देवान उजवो दिलो. आता मी तेका काय सांगू? सॉरी म्हाराजा?”

आपल्या भागात काही गावांत गावपळण असते, हे ठाऊक असेलच. देवाचा कौल झाला की सगळा गाव गुराकोंबड्यांसकट घरं मोकळी टाकून शिवेबाहेर जातो, झावळ्यांच्या झोपड्या बांधून राहतो आणि परतीचा कौल मिळाला की माघारी येतो. आंबेखोलला असला मान कधी मिळाला नव्हता आणि सोयरिकी जुळवताना ती उणीव बोचायची. आता वाईटातून बरं एवढंच, की आपल्याकडेही पळण आली. माणसं राहणार होती. मीठ जाणार होतं.

वाजतगाजत गेलं. पुढे ढोल, मागे डोक्यावर मिठाच्या बरण्या, लोणच्याच्या बरण्या, पापडांचे डबे, काशीबाईचे बांगडे. आमसुलाचं आगळ निघालं, कारण त्यात मीठ. गंगाराम चष्मा लावून दुकानातल्या एकेका पुडीमागचं बारीक छापील वाचत बसला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. फरसाण जाणार हे त्यानं मनाशी धरलं होतं. पण पाव निघाला, सॉसची बाटली निघाली, झटपट शेवया निघाल्या.

“बिस्किट गॉड आसता रे!” तो रडवेला झाला. “गोडात कित्याक मीठ घालतत मेले?”

अर्धं दुकान डोक्यावर बसून गेलं. आपण जन्मभर साखर समजून काय काय खाल्लं, याचा गावाला त्या दिवशी पत्ता लागला.

मग शंका सुरू झाल्या. “दर्याचा काय?” कुणीतरी विचारलं. “दर्यो सगळो मिठाचो. तो खंय नेवया?”

परशुरामानं विचार केला. “दर्यो ओहोटीक आपसूक भायर जाता. तो रोजच पळण करता. तेचा तो बघीत.”

“आणि घाम?”

“घाम गाळूसारख्या तू कधी काय केलंस?”

तो प्रश्न तिथंच मिटला. डोळ्यांतल्या पाण्याचा मात्र मिटला नाही. गावातल्या दिव्या नावाच्या मुलीचं लग्न त्याच आठवड्यात होतं. पाठवणीला रडणार नाही अशी आई अजून जन्माला यायची आहे. शेवटी अख्खं वऱ्हाड हसतमुखानं शीव ओलांडून गेलं, तिथं नवरीला मधे घेऊन बायकांनी यथासांग रडून घेतलं, डोळे कोरडे केले आणि मग गावात आल्या. नवऱ्याकडची माणसं अजून त्या गोष्टीचा अर्थ लावताहेत.

आंबेखोलची शीव वर सड्यावर. घरं खाली दर्याकाठी; मधे काजूची चढण, पाण्याचा एक व्हाळ, मग कातळाचा उघडा सडा आणि त्याच्या टोकाला शेंदूर लावलेला शिवेचा धोंडा. मीठ तिथवर पायी गेलं होतं, तेव्हा मिठाकडेही पायीच जायचं, असं परशुरामानं ठरवलं. धोंड्यापलीकडे जांभळीखाली झावळ्यांची खोपटी उभी राहिली आणि पहिली चूल पेटवली ती काशीबाईनं. सकाळ झाली की अख्खा आंबेखोल पेजेचे डबे घेऊन चढण चढू लागला. ज्यांनी घरापासून दुकानापर्यंत स्कूटरशिवाय पाय टाकला नव्हता, ते लोणच्याच्या एका फोडीसाठी धापा टाकत सड्यावर यायचे. पण वर येईस्तोवर भूक अशी लागलेली, की पेज नुसतीच पोटात जायची आणि लोणच्याची आठवण शेवटच्या घोटाला यायची. पुन्हा उतरायचं, पुन्हा दुसऱ्या दिवशी चढायचं. बरण्या रिकाम्या होईनात.

आणि बुवा? बुवांची पंचाईत सगळ्यांत मोठी. ज्याच्या तोंडून मीठ गेलं, त्यानंच शीव ओलांडून ते चाटलं, तर रवळनाथाला तोंड कसं दाखवायचं? ते रोज सकाळी चढून यायचे आणि धोंड्याच्या अलीकडे मांडी घालून बसायचे. पलीकडे, हाताच्या अंतरावर, काशीबाईच्या निखाऱ्यावर बांगडा चरचरायचा.

“येवा बुवानु, एक पाय टाका,” काशीबाई म्हणायची.

“नाय गो.”

“अर्धो पाय टाका. अंगठो टाका.”

“काशीबाय, वास माझ्या अंगाक सोड. तेवडा पुरे.”

वारा दर्याकडून सुटला की वास करंजटेंबाला जायचा आणि बुवा डबा झाकून बसायचे. वारा फिरला की डबा उघडायचे आणि वासाबरोबर पेज खायचे. एक घोट पेज, एक श्वास बांगडा. चेष्टा करणाऱ्यांनी चेष्टा केली. “बुवा आज किती बांगडे हुंगलात?” असं विचारणारेही निघाले. बुवा चिडायचे, पण ओरडायचे नाहीत. अळणी अन्नावर ओरडायला जोर येत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं होतं.

गावाचा हा प्रताप ऐकून डॉक्टरबाई स्वतः सड्यावर आल्या. चढण चढून त्या इतक्या दमल्या, की आधी बुवांचं सोडून स्वतःचंच प्रेशर मोजतात की काय असं वाटलं.

“अहो, मी कमी करा म्हटलं होतं,” त्या म्हणाल्या. “बंद नव्हे. शरीराला थोडं मीठ लागतंच. आणि एका माणसाला सांगितलं होतं, ग्रामपंचायतीला नव्हे!”

“देवाचो कौल आसा, बाय,” परशुराम म्हणाला.

“देवाला म्हणावं, चिमूटभर तरी ठेव. बरं, गोळी? गोळी चालू आहे ना बुवा? गोळी देवानं सांगितलं तरी बंद करायची नाही.”

“गोळयेत मीठ आसा?” गंगारामानं काळजीनं विचारलं. गोळी शिवेबाहेर गेली नाही हे ऐकून बाई जरा शांत झाल्या.

माघ उजाडला. सप्ताह बसला, देवळात भजनाचे पहारे सुरू झाले, झांजा-पखवाज थांबेनात. बुवांचा मुलगा गुरुप्रसाद मुंबईहून आला, तळेऱ्याला उतरून रिक्षानं सड्यावर पोचला, आणि मंडळाच्या माणसांनी शिवेवरच त्याची पिशवी उघडली. फरसाणाच्या पुड्या गावात नेता येत नाहीत म्हटल्यावर त्यानं आणि रिक्षावाल्यानं त्या तिथंच बसून संपवल्या. घरी येऊन तो बापाकडे बघत राहिला.

“बाबा, बारीक झालास.”

“गावान केलो,” बुवा म्हणाले.

खरी अडचण पुढेच होती. सप्ताहाच्या शेवटी काला आणि गावजेवण. मांडवात गंगाराम उभा राहिला आणि सरळ बोलला, “शेजारच्या गावाची माणसा जेवूक येतली. आळणी डाळ वाढून गावाची अब्रू घालवची आसा? बुवानु, मीठ तुमी घालवलात, तुमीच परत हाडा. परतीचो कौल घेवा. मीठ इला नाय, तर काल्याक बांद्याचो बुवा उभो रवतलो.”

बुवांनी गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, गेलेला मीठ सगळ्या गावाच्या नावान परत हाड म्हाराजा!” गावानं असं ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं, की कावळे करंजटेंबाच्याही पुढे गेले असावेत.

टप्. डावी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. डावी. पाकळ्या बदलल्या, फूल बदललं, डावी. गंगारामानं फोन काढला आणि सगळ्यांदेखत बांद्याच्या बुवाला लावला.

त्याच दुपारी डॉक्टरबाईंनी बुवांचा दंड पट्ट्यात धरला. एकदा मोजलं, मग दुसऱ्या दंडावर मोजलं, आणि हसल्या. “उतरलं! माझ्याकडून कीर्तनाला परवानगी. पण बुवा, खरं सांगते, हे टिकायला हवं. गावात मीठ आलं की तुमचं घरोघरी पेज पिणं पुन्हा सुरू झालं, तर पुढच्या वर्षी मी हो म्हणणार नाही.”

म्हणजे मीठ आलं नाही तर गाव उभं राहू देणार नव्हता, आणि मीठ आलं की स्वतःचाच स्वतःवर भरवसा नव्हता. बुवा एकटेच उठून सड्यावर गेले. भर उन्हात धोंड्याशी बसले. काशीबाई पलीकडे बांगडे उलटत होती. आज तिनं हाकही मारली नाही.

“काशीबाय,” बुवा म्हणाले, “देव माझां आयकना नाय गो.”

“तुमचा आयकात कसो? तुमी तुमचा कधी सांगलात?” काशीबाई म्हणाली. “माझ्या घोवाच्या दुखण्याक तुमी गाऱ्हाणा घातलात. माझ्या होडयेक घातलात. माझ्या झिलाच्या नोकरेक घातलात. तुमचा काय हा, ता देवाक म्हायत तरी आसा?”

बुवा उठले, चढण उतरले, आणि थेट देवळात गेले. मांडवात भजन चाललं होतं. ते थांबेपर्यंत ते थांबले. मग फेटा नाही, नारळ नाही, असेच देवापुढे उभे राहिले. परशुरामानं न विचारता पाकळ्या लावल्या.

“देवा म्हाराजा,” बुवा म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मागच्यांना वाटलं, बुवा खोकले. “मी गुरुदास. आज मी माझां सांगूक इलंय. चूक माझी झाली. प्रेशर माझां, जीभ माझी, आणि शिक्षा गावाक. गावाचा मीठ गावाक परत दी. माझ्या वाट्याचा मीठ शिवेभायर रवांदे. थयसून हलव नुको. मी भरवशाचो नाय. माझ्या घरात ता माका गप बसूक देवचा नाय. आणि माका तुझां नाव घेवक काल्याक उभो कर. दुसरा काय नको.”

कुणी ‘व्हय म्हाराजा’ म्हणालं नाही. म्हणजे, कुठं म्हणायचं तेच कुणाला कळलं नाही. बुवांचं गाऱ्हाणं असं असतं हे गावाला ठाऊकच नव्हतं. मागून फक्त शेवंतीकाकींचा आवाज आला, तोही भरून आलेला.

“व्हय म्हाराजा.”

उजवी पाकळी सुटली. पडली नाही, देवाच्या अंगावरून हळूहळू घसरत खाली आली, जणू काही तिला घाई नव्हती.

मीठ वाजतगाजत उतरलं. बरण्या घरोघर गेल्या, बिस्किटं गंगारामाच्या फळीवर गेली आणि बांद्याच्या बुवाला फोन गेला, की तुम्ही प्रसादाला या, कीबोर्ड आणू नका. सड्यावर जांभळीखाली उरली ती एक छोटी बरणी. तिच्यावर काशीबाईनं करवंटी पालथी घातली.

काल्याच्या दिवशी बुवा उभे राहिले. डॉक्टरबाई कबूल केल्याप्रमाणे पहिल्या रांगेत होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत यंत्र. पूर्वरंग झाला, नाम झालं, शिदोऱ्या सोडल्या गेल्या, आणि हंडीची जागा आली. सवयीनं पोरांनी आईचे पदर धरून ठेवले. बुवांनी चिपळ्या वर नेल्या आणि तिथंच थांबवल्या. मग घरातल्या माणसाशी बोलावं तसं, हलकेच, ते बोलू लागले. कुणाच्या शिदोरीत काय होतं ते. एका गरीब पोराच्या फडक्यात नुसतीच कोरडी भाकरी होती, त्याला ती पुढे करायची लाज वाटत होती, आणि देवानं नेमका तिलाच हात घातला.

मागच्या रांगा ऐकू येत नाही म्हणून पुढे सरकल्या. मग त्यांच्या मागच्या सरकल्या. मांडवाच्या खांबाला टेकलेले उठून आले. सगळा गाव गूळ-खोबऱ्याच्या ताटाभोवती मुंग्या जमाव्यात तसा एका माणसाभोवती जमला आणि माडांवरचा एक कावळा उठला नाही. मीठ आदल्या दिवशीच गावात परतलं होतं ते बरं झालं. नाहीतर त्या दिवशी सगळ्या मांडवाला डोळे पुसायला शिवेबाहेर जावं लागलं असतं. गंगारामाला तर सगळ्यांत आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा पेजेचा डबा घेऊन चढण चढले. वाटेत हाका आल्या. त्यांनी हात हलवला आणि चालत राहिले. काशीबाईनं आपली चूल सड्यावरून हलवलेली नव्हती. गिऱ्हाईकांना चढायची सवय झाली, असं ती म्हणत होती. शेवंतीकाकींनी दिलेला लहानसा चमचा बुवांनी खिशातून काढला, करवंटी उचलली आणि डॉक्टरबाईंनी आखून दिलं होतं तेवढंच, भुरभुर, पेजेवर टाकलं. आज पहिल्यांदा ते धोंड्याच्या पलीकडे बसले होते.

“बुवानु,” काशीबाई म्हणाली, “दोन राती तुमचा मीठ एकटाच होता हो हयसर.”

“मगे? रडला?”

“रडात कसा? मीठच ता. भिजला असता.”

बुवांनी करवंटी जागेवर ठेवली, वर एक दगड ठेवला आणि पेजेचा पहिला घोट डोळे मिटून घेतला.